बाडी, आमराई आणि अन्नवन

रायपूर शहराबाहेरच्या मुरमाड माळाला इकडचे लोक ‘भाटा’ म्हणतात. अशाच एका भाट्यावर माझ्या परिचयाच्या एका निवृत्त अभियंत्यांनी सहा वर्षांपूर्वी दोन एकर जमीन घेऊन तीत झाडे लावली, आणि गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मला ती पाहावयास बोलावले. फळबाग म्हटली म्हणजे तीस तीस फुटांवर उभे असलेले एकेक झाड आणि मधली स्वच्छ नांगरलेली जमीन असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. येथे पाऊल ठेवण्यास वाट शोधावी लागत होती. केळीच्या कुशीत आंब्याचे रोप, त्याच्या हातभर अंतरावर शेवगा, पलीकडे फणस, सीताफळ, पपई, आणि या सर्वांच्या मधून गिरिपुष्प व सुबाभूळ यांची दाटी. तळाशी हळद, अळू, सुरण, अननस. मालक कोयता घेऊन हिंडत होते आणि चांगली हिरवीगार वाढलेली सुबाभूळ अर्ध्यावर छाटून तिच्या फांद्या आंब्याच्या बुंध्याशी अंथरीत होते. मला ते पाहवेना. माझी मुद्रा पाहून ते हसले आणि म्हणाले, “साहेब, ही झाडे जगवायची म्हणून लावलेली नाहीत, कापायची म्हणूनच लावली आहेत. ही ब्राझीलची तऱ्हा आहे.”

ब्राझीलची तऱ्हा म्हणजे काय, ते श्रोत्यांना थोडक्यात सांगतो. एर्न्स्ट गॉट्श नावाचे एक स्विस गृहस्थ, जन्म १९४८ चा, तरुणपणी पिकांच्या वाणांची सुधारणा करण्याच्या कामात होते. रोपाचा वाण बदलीत बसण्यापेक्षा त्याच्या भोवतालची परिस्थितीच सुधारली तर, असा प्रश्न त्यांना पडला. १९८४ च्या सुमारास ब्राझीलच्या बाहिया प्रांताच्या दक्षिण भागात त्यांनी कस गेलेली, उजाड अशी सुमारे पाचशे हेक्टर जमीन घेतली, आणि जंगल आपले आपण कसे वाढते ते पाहून त्याच क्रमाने लागवड केली. जंगलात प्रथम अल्पायुषी झुडपे येतात, त्यांच्या सावलीत मध्यम आयुष्याची झाडे आणि त्यांच्याही आश्रयाने शेवटी दीर्घायुषी वृक्ष. हा काळाचा क्रम झाला. दुसरा क्रम उंचीचा: कोणाला डोक्यावर पूर्ण ऊन हवे, कोणाला अर्धे, कोणाला नुसता कवडसा पुरे. दोन्ही क्रम ध्यानात ठेवून सर्व काही एकदमच आणि अतिशय दाट पेरावयाचे, आणि पुढे कोयत्याने विरळ करीत जावयाचे. छाटलेल्या फांद्यांनी जमीन झाकली जाते, ओल टिकते, माती तयार होते, खालच्या झाडाला ऊन मिळते, आणि छाटलेले झाड पुन्हा जोमाने फुटते. विस्कळीत होत जाण्याच्या सृष्टीच्या प्रवृत्तीला शास्त्रात एन्ट्रॉपी म्हणतात. याच्या उलट, जीवनाच्या योगाने रचना वाढत जाते, म्हणून या शेतीला सिंट्रॉपिक असे नाव पडले. आपण तिला अन्नवन म्हणू.

परंतु ‘ब्राझीलची तऱ्हा’ हे शब्द ऐकून मला थोडी गंमत वाटली. माझे परिचित ज्या फणसाला मोठ्या ममतेने जोजवीत होते तो फणस बाहियाला गेला तो हिंदुस्थानातून, पोर्तुगीजांच्या गलबतांतून, सतराव्या शतकात. आज तो तेथील रानात इतका माजला आहे की तो परका आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. आंबाही आपल्याकडूनच गेला. उलट काजू, अननस, पपई, पेरू, सीताफळ ही सारी मंडळी अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात गोव्याच्या वाटेने आपल्याकडे आली. काजू आणि अननस ही नावेच ब्राझीलच्या आदिवासींच्या बोलीतली आहेत. पोर्तुगीजांच्या जिभेवरून ती मराठीच्या जिभेवर बसली. रायपूरच्या माळावर ‘परदेशी’ पद्धतीने लावलेली ही बाग म्हणजे चारशे वर्षांपूर्वी सुरू झालेल्या एका देवघेवीचे पुन्हा झालेले संमेलन होते.

आणि या देवघेवीचे जे बंदर, त्या गोव्यात अन्नवन मुळीच नवे नाही. फोंडा, सांगे, काणकोण या भागांतील कुळागरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. डोंगराच्या कुशीत, झऱ्याच्या पाण्याखाली, माड आणि पोफळी. पोफळीच्या अंगावर मिरीचे वेल. मधून केळी, जायफळ, भिरंड, फणस. तळाशी आले, हळद, सुरण. पाण्याचा पाट या सर्वांच्या पायांशी खेळत जातो. कापण्यासाठी म्हणून झाड लावायचे हा कोयत्याचा कारभार कुळागरात एवढ्या प्रमाणात नाही, आणि त्याचे श्रेय नव्या पद्धतीला दिलेच पाहिजे. पण एकाच्या सावलीत दुसऱ्याचे पोट भरण्याचा विचार तोच.

मग माझ्या मनात प्रश्न आला तो असा. दुर्गहून बिलासपूरपर्यंत आगगाडीने प्रवास केला, तर रायपूरच्या आगेमागे खिडकीतून दिसते ते धानाचे अखंड शेत. मैलोगणती धान, आणि बांधावर मधून मधून एकटी बाभूळ. पाऊस येथे मराठवाड्याहून कितीतरी चांगला. लोक कष्टाळू, झाडांची पारख असलेले; मोह, चार, तेंदू, कुसुम यांच्यावर अर्धा संसार चालविणारे. असे असून या मैदानात शेतात लावलेले फळझाड इतके दुर्मिळ का? ज्ञान नव्हते म्हणावे, तर तेही खरे नाही. शेतात उभ्या धानाच्या पायाशी, कापणीपूर्वीच, चिखलात लाखोळी किंवा जवस फेकून द्यावयाचे, आणि धान निघाल्यावर त्याच ओलीवर दुसरे पीक घ्यावयाचे, ही ‘उतेरा’ पद्धत येथे फार जुनी आहे. आपल्या भंडारा-चंद्रपूरकडच्या श्रोत्यांच्या तर ती घरचीच. एका पिकाच्या कुशीत दुसरे पेरणे म्हणजेच काळाचा क्रम. तो येथल्या शेतकऱ्याला बाहियाहून शिकावयाचा नव्हता.

माझे उभे आयुष्य महसूल खात्यात गेले आहे, त्यामुळे कोणताही प्रश्न मला अखेर खसऱ्याच्या रकान्यांतून दिसू लागतो, हा दोष मी आधीच कबूल करतो. तथापि या प्रश्नाचे उत्तर झाडाच्या शास्त्रापेक्षा जमिनीच्या इतिहासात अधिक सापडते, असे माझे मत झाले आहे.

नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला येऊन राहिले आणि १७८७ पर्यंत त्यांनी छत्तीसगडचा कारभार पाहिला. त्यांच्याबरोबर मराठी भाषा आणि मोडी लिपी येथल्या दफ्तरात आली. त्यांच्या मागे सुभेदार आले, परगणे पडले, कमाविसदार नेमले गेले. रायपूरच्या तात्यापाऱ्यासारख्या वस्तीत मराठी घरे दिसतात, त्यांच्या पाठीशी हा इतिहास आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी नागपूरकरांच्या वतीने कारभार हाती घेतला, आणि कर्नल अ‍ॅग्न्यू यांच्या अमदानीत राजधानी रतनपूरहून रायपूरला आली. या सर्व घालमेलीत गावाच्या पातळीवर मात्र एक जुनी वहिवाट टिकून राहिली. तिचे नाव ‘लाखाबाटा’.

लाखाबाटा म्हणजे शेतांची फेरवाटणी. गावचा सारा ठरे तो नांगरांच्या हिशोबाने. अमुक गाव इतक्या नांगरांचे. जमिनीही चार जातींच्या: मुरमाड भाटा, पिवळी मटासी, मध्यम डोरसा आणि काळी कन्हार. न्यायाने वागावयाचे, तर प्रत्येक नांगराला प्रत्येक जातीच्या जमिनीचा तुकडा मिळाला पाहिजे. म्हणून काही वर्षांनी, किंवा गावात नवी कुळे आली अथवा जुनी उठून गेली म्हणजे, गौंटिया, म्हणजे तिकडचा गावमुखत्यार, सर्व शेते पुन्हा वाटून देई. एकाच कुळाकडे गावाच्या चारी दिशांना विखुरलेले डझनावारी तुकडे असत. एकोणिसाव्या शतकात ही वहिवाट सर्रास होती आणि काही गावांत ती पुढेही चालू राहिली.

या व्यवस्थेची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. दुष्काळाच्या मुलखात जोखीम सर्वांनी सारखी वाटून घेण्याचा तो एक समंजस मार्ग होता. पण झाडाच्या दृष्टीने पाहा. आज माझ्याकडे असलेले शेत पाच वर्षांनी शेजाऱ्याकडे जावयाचे असेल, तर मी त्यात दहा वर्षांनी फळणारा आंबा का म्हणून लावावा? शिवाय विखुरलेल्या तुकड्यांना कुंपण घालता येत नाही. धान निघाले की सारी शिवारे गुरांना मोकळी. छत्तीसगड सरकारने २०२० मध्ये ‘रोका-छेका’ या नावाने मोकाट गुरे आवरण्याची मोहीम काढली, यावरून ही अडचण किती चिवट आहे ते दिसून येते. अशा शिवारात टिकेल ते एकच झाड: ज्याला काटे आहेत, जे कोणी लावावे लागत नाही, आणि ज्याचे बी शेळ्याच शेंगा खाऊन शिवारभर पसरतात. ती बांधावरची बाभूळ. तिच्या मुळांनी जमिनीला नत्र मिळते, लाकडाचा नांगर होतो, गाडी होते, सरपण होते, डिंक मिळतो. कोणीही न लावलेले हे आधारवृक्ष म्हणजे लाखाबाट्याच्या मुलखातले अन्नवन, आपोआप उगवलेले.

मग लावलेली झाडे कोठे होती? दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी मालकीचा प्रश्न मिटलेला होता.

पहिले ठिकाण बाडी. घराच्या पाठीमागे काट्यांनी रुंधलेला हा लहानसा तुकडा घराबरोबर चाले. शेतांसारखा तो फेरवाटणीच्या रगाड्यात सापडत नसावा. तिच्यात मुनगा, म्हणजे आपला शेवगा, बिही म्हणजे पेरू, अरमपपई म्हणजे पपई, लिंबू, केळी; छपरावर रखिया म्हणजे कोहळा आणि तांबडा भोपळा; सांडपाण्याच्या कडेला कोचई म्हणजे अळू. माझ्या आजीची रायपूरमधली बाडी मला चांगली आठवते. पस्तीस फूट लांब आणि वीसेक फूट रुंद एवढ्या जागेत तिने किती प्रकार सामावले होते, ते मी लहानपणी मोजण्याचा प्रयत्न केला होता आणि प्रत्येक वेळी संख्या निराळी येई. शेवग्याच्या फांद्या ती दर पावसाळ्यापूर्वी तोडवून घेई आणि पाला आळ्यात पसरी. तिला कोणी ब्राझीलचे नाव सांगितले नव्हते. ती गेल्यावर घराची वाटणी झाली, आणि त्या जागी आज तीन मजली इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्याचा हिस्सा माझाही आहे, म्हणून याविषयी अधिक बोलण्याचा मला अधिकार नाही.

दुसरे ठिकाण तळ्याची पाळ आणि तिच्यालगतची आमराई. छत्तीसगड हा तळ्यांचा देश. मोठ्या गावातल्या तळ्यांचे वर्णन करताना लोक ‘छै आगर छै कोरी’ म्हणतात; कोरी म्हणजे वीस आणि आगर म्हणजे वर, मिळून एकशे सव्वीस. आपल्या कोकणात आगर म्हणजे माडापोफळीची बाग. शब्दांचे कुळ एक की दोन, हे भाषापंडितांनी ठरवावे. तळे खणले की त्याचे लग्न लावावयाचे, आणि खूण म्हणून पाण्याच्या मध्यभागी लाकडी खांब रोवावयाचा, ही चाल येथे आहे. झाडांचीही लग्ने होत. नर्मदेच्या खोऱ्यात दीर्घकाळ अंमलदार असलेला स्लीमन आपल्या १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहितो, की आमराई लावणारा मनुष्य तीतल्या एका आंब्याचे लग्न दुसऱ्या एखाद्या झाडाशी, बहुधा चिंचेशी, लावून दिल्याशिवाय तिचे फळ तोंडात घालीत नसे. यात काहींना भाबडेपणा दिसेल. मला त्यात एक प्रकारचा दस्तऐवज दिसतो. ज्या काळी नोंदणीचे कार्यालय नव्हते त्या काळी शे-दोनशे लोकांना जेवू घालून, वाजतगाजत, ‘ही झाडे अमक्याने लावली आणि ती तोडावयाची नाहीत’ हे गावाच्या स्मरणात लिहून ठेवण्याचा याहून पक्का उपाय कोणता?

तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि १८६० नंतरच्या जमाबंदीत गौंटियांना मालगुजार म्हणून गावची मालकी मिळाली. आता आमराई लावणाराला कायद्याचा आधार मिळाला, पण तो एकालाच मिळाला. कुळाचे तुकडे विखुरलेलेच राहिले. ते इतके जाचक झाले, की मध्यप्रांत सरकारने १९२८ मध्ये तुकडे एकत्र करण्याचा कायदा केला, तो मुख्यतः याच छत्तीसगडसाठी. पुढे मालगुजारी गेली. १९५० चा मालकीहक्क-निर्मूलनाचा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला. गावे सरकारजमा झाली, परंतु ज्या आमराया मालगुजाराच्या नावे कागदोपत्री लागलेल्या होत्या त्या त्याच्याकडेच राहिल्या. कायदा उदार होता. पण गाव गेले, रुबाब गेला, आणि उरलेल्या आमराईतून फळाहून अधिक पैसा लाकडातच दिसू लागला. त्या काळी करवतीखाली गेलेल्या आमरायांची नावे सांगणारे म्हातारे मला नोकरीच्या पहिल्या वर्षांत गावोगाव भेटले. ज्या रायवळ आंब्याच्या प्रत्येक झाडाला वेगळी चव आणि वेगळे नाव होते, त्यांच्यापैकी पुष्कळ नावेच आता उरली आहेत.

याच वर्षांतली एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. एका तहसिलीत दोन भावांच्या वाटणीचे प्रकरण माझ्यापुढे आले. भूमहसूल संहितेच्या कलम १७८ प्रमाणे जमीन वाटावयाची, आणि कलम १७९ प्रमाणे जमिनीतले झाड ज्याची जमीन त्याचे. नवी हद्द आखली ती नेमकी त्यांच्या आजोबांनी लावलेल्या एका प्रचंड आंब्याच्या खोडातून गेली. हद्द हातभर सरकवावी, तर दुसऱ्या भावाचे क्षेत्र कमी होई. मी मोजणी बिनचूक ठेवली. महिन्याभरात दोघांनी संगनमताने झाड पाडून लाकूड निम्मे निम्मे वाटून घेतले, आणि प्रकरण निकाली निघाले म्हणून माझी मासिक गोषवाऱ्यात नोंद झाली. हातभर हद्दीऐवजी फळाचा निम्मा वाटा कागदावर लिहून घेता आला असता, हे मला फार उशिरा सुचले. कोकणात जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचे अशा नोंदी सातबाऱ्याच्या इतर हक्कांत होतात, हे मी तेव्हा वाचलेलेही नव्हते.

आज परिस्थिती पालटली आहे, असे वरवर पाहता वाटते. २०२१ मध्ये छत्तीसगड सरकारने धानाऐवजी झाडे लावणाऱ्या शेतकऱ्याला एकरी दहा हजार रुपये तीन वर्षे देण्याची योजना जाहीर केली. हेतू चांगला. पण त्याच राज्यात २०२३-२४ च्या हंगामात सरकारने एकरी एकवीस क्विंटलपर्यंत धान ३१०० रुपये क्विंटलने विकत घेतले, म्हणजे एकराला पासष्ट हजार शंभर रुपये, तेही त्याच वर्षी. खर्च वजा केला तरी शेतकऱ्याचा हिशेब सोपा आहे, आणि तो चुकीचा नाही. आंबा पहिली पाच वर्षे काही देत नाही. अन्नवनात पपई, केळी, हळद, शेवगा मधल्या काळात घर चालवितात, हा या पद्धतीचा मोठाच गुण. पण त्यासाठी कोयता धरणारा मनुष्य रोज तेथे हवा, पाणी हवे, आणि कुंपण हवे. माझ्या परिचितांना निवृत्तिवेतन आहे, विंधणविहीर आहे आणि तारेच्या कुंपणासाठी पैसा आहे. शेजारच्या शेतकऱ्याला यांतले काहीच नाही. तो कुंपणापलीकडे उभा राहून ही बाग मोठ्या कुतूहलाने पाहतो आणि जाताना पपई घेऊन जातो. त्याने अजून एकही झाड लावलेले नाही.

निघताना मी परिचितांना विचारले, तुमच्यामागे हे छाटणार कोण? त्यांचा मुलगा पुण्यात आहे, मुलगी परदेशात. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, शेजाऱ्याच्या मुलाला छाटणी शिकवतो आहे, फळाचा चौथा हिस्सा देण्याचे कबूल केले आहे. पण हे कागदावर कसे आणावे ते समजत नाही, तुम्ही महसुलातले, तुम्हीच सांगा. मी दुसऱ्या रविवारी पुन्हा गेलो. आम्ही तिघांनी आंब्याखालच्या बाकावर बसून फळाच्या हिश्श्याचा, पाण्याचा आणि झाडे न तोडण्याचा करारनामा लिहिला. मुलाने सही करण्यापूर्वी एकच बदल सुचविला: सुबाभूळ कापण्याची मोकळीक त्याला विचारल्याशिवाय मिळावी, कारण ती वाढते फार आणि साहेबांना तिची दया येते. ते कलम आम्ही सहावे म्हणून घातले.